चोपण रानातला जिवाणू आणि आजीचा एक्स-रे

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला लोणारचं पाणी हवं होतं. टोकाच्या परिस्थितीत जगणारे जिवाणू म्हटलं की आमच्या वर्गात सगळ्यांच्या तोंडी लोणारच. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू वाळवा तालुक्यातली ना? तिकडं क्षारपड जमीन कमी आहे का?"

आप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं नदीकाठचं रान डोळ्यांसमोर आलं. एकेकाळी तिथं डोक्याच्या वर ऊस जायचा. वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडलं, निचरा मात्र झाला नाही. भूजल वर आलं, उन्हानं पाणी उडालं आणि क्षार वर राहिले. आता एप्रिलमध्ये चाललं की पायाखाली पांढरी खपली कुरकुरते.

"मेलेली जमीन हाय ही, पोरी. हितं काय गावणार तुला?" आप्पांनी विचारलं. मी पाच ठिकाणची वरच्या वीतभर थरातली माती निर्जंतुक पिशव्यांत भरली. प्रयोगशाळेत तिचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, भरला ९.४; सात म्हणजे मधला, त्यावर अल्कली. साध्या जिवाणूंना तो सोसत नाही, म्हणून मला तीच माती हवी होती.

शोधायचा होता अल्कलाइन प्रोटिएज, म्हणजे अल्कलीतही प्रथिनं तोडणारं एन्झाइम. कपडे धुण्याच्या पावडरीत हेच असतं. धुण्याचं पाणी अल्कलीयुक्त, आणि रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग म्हणजे प्रथिनंच.

पहिला महिना माध्यमातच, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य बनवण्यातच गेला. दूध, ते घट्ट करणारं आगर आणि पीएच वाढवणारं सोडियम कार्बोनेट मी एकाच फ्लास्कमध्ये घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे निर्जंतुक करायच्या प्रेशर कुकरला लावलं आणि बाहेर आला चहाच्या रंगाचा द्रव. अल्कलीत तापल्यावर दूध करपतं. मग तिन्ही वेगवेगळं निर्जंतुक करायचं आणि थोडं निवल्यावर एकत्र करायचं, हे शिकले. मातीचं द्रावण ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं, म्हणजे बीजाणू करणारे बॅसिलस तेवढे टिकतात. तिसऱ्या दिवशी दुधाळ प्लेटवर काही वसाहतींभोवती काचेसारखी स्वच्छ वर्तुळं दिसली. त्यांनी भोवतीचं केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, फस्त केलं होतं. मी ती प्लेट ट्यूबलाइटखाली कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिली.

सगळ्यात मोठं वर्तुळ असलेला जिवाणू मी नेहमीच्या सवयीनं साध्या न्यूट्रिअंट आगरवर उतरवला. वाढलाच नाही. आपल्याला सोयीचा सातचा पीएच त्याला मानवत नव्हता. पुन्हा दहाच्या पीएचवर घेतला तेव्हा रात्रीत आला. पुढं जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस आरएनए जनुकाचा क्रम तपासून घेतल्यावर तो बॅसिलसच्याच कुळातला निघाला. नवी जात नव्हती, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

एन्झाइम कामाला लावून पाहायचं होतं. आमच्या घरी मिरजेच्या दवाखान्यांतल्या जुन्या एक्स-रे फिल्मची चळतच आहे. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिन. आजीच्या मांडीच्या एक्स-रेचे तुकडे कापले. एक एन्झाइमच्या द्रावणात, दुसरा उकळून निकामी केलेल्या एन्झाइमात, दोन्ही ५० अंशांवर. अर्ध्या तासात पहिल्या तुकड्याच्या कडेची काळी साय सुटली, मग मधली. हाडाची आकृती पुसून गेली, पाणी काळं झालं आणि हातात राहिली निळसर, पारदर्शक फिल्म. दुसरा तुकडा जशाच्या तसा. चांदी काढायला फिल्म जाळतात तेव्हा घाण धूर होतो, प्लास्टिकही वाया जातं. इथं चांदी तळाशी बसते आणि फिल्मही शाबूत राहते.

अशा जिवाणूंचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं सांगते. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून मिळवलेल्या या जिवाणूची नोंद १९६९ साली केली. पुढं त्याच्याच एन्झाइमनं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सोपा झाला, आणि आज तपासणीच्या प्रयोगशाळा त्यावर चालतात.

ती फिल्म मी आप्पांना दाखवली. त्यांनी उन्हात धरून आरपार पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये आपल्या रानातल्यानं केलं?"

यंदा ते त्या रानात जमिनीखालून निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकून घेताहेत. क्षार धुऊन जावेत, पुन्हा ऊस यावा, असं मलाही मनापासून वाटतं. खोदाई सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी जाऊन आणखी बारा पिशव्या माती आणली. ती सावलीत वाळवून, वर तारीख आणि जागा लिहून ठेवली आहे.