तुम्ही विचारलंत म्हणून: पोप आणि चीनचं नेमकं काय चाललंय

मी वसईची, घरात मराठी बोलणारी कॅथलिक, त्यामुळे ऑफिसात नाहीतर लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, की चीनमध्ये देव न मानणारं सरकार, तिथे चर्च चालतं तरी कसं, आणि तुमच्या पोपनी त्यांच्याशी करार का केला? जेवणाच्या पंगतीत याचं उत्तर पुरं होत नाही म्हणून इथे लिहिते.

पहिलं म्हणजे चीनमध्ये धर्म बंद नाहीये. सरकार पाच धर्म मानतं, बौद्ध, ताओ, इस्लाम, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक (शेवटचे दोन तिथे वेगवेगळे धर्म धरतात), आणि प्रत्येकावर सरकारमान्य संघटना बसवलेली. कॅथलिकांची देशभक्त संघटना १९५७ ची. भांडण देव आहे की नाही याचं नाहीच, बिशप, म्हणजे एका भागातल्या चर्चचा प्रमुख, कोण नेमणार याचं आहे. आमच्यात बिशप पोप नेमतात आणि बीजिंगला तो बाहेरच्याचा हात वाटतो. ज्यांनी रोमला, म्हणजे पोपला, सोडायला नकार दिला त्यांचं चर्च भूमिगत झालं, शांघायचे बिशप गोंग पिनमेई यांना तर १९५५ मध्ये पकडलं आणि ३० वर्षं तुरुंगात ठेवलं.

बिशप नेमण्यात सरकारांनी हात घालणं नवीन नाही हो. आपल्या मुंबईत १९२८ च्या करारानुसार आर्चबिशप आळीपाळीने एक पोर्तुगीज एक ब्रिटिश असायचा, आणि पोर्तुगालने तो हक्क सोडला १९५० मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर!

पण मला सगळ्यात जास्त लागते ती जुनी गोष्ट. मत्तेओ रिच्ची १५७८ मध्ये गोव्यात उतरला, पुढच्याच वर्षी थॉमस स्टीफन्स आला, दोघंही जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातले मिशनरी. स्टीफन्सनी पुढे आपल्या मराठीत ओव्या रचून ख्रिस्तपुराण लिहिलं, आणि रिच्ची मकावमार्गे चीनमध्ये गेला, चिनी शिकला, तिथल्या पंडितांसारखे कपडे घातले आणि १६०१ मध्ये बीजिंगला पोचला. त्याचं म्हणणं असं की पितरांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावणं, वाकणं ही मूर्तिपूजा नाही, तो आईबापांचा मान आहे. आता आमच्या घरी आजोबांच्या फोटोला हार असतो, आजी रोज त्यापुढे दोन मिनिटं उभी राहायची, तिला कुणी सांगितलं असतं की हे पाप आहे तर ती काय म्हणाली असती मला नीट माहितीये. मागून आलेल्या डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघांच्या मिशनऱ्यांना मात्र ते पापच वाटलं आणि तक्रार रोमला गेली.

चीनच्या कांगशी बादशहाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिलेली, १७०० मध्ये त्याने स्वतः सांगितलं की हे विधी फक्त आदराचे आहेत, तरी रोमने १७०४ मध्ये बंदी घातली, मग १७१५ मध्ये परत, १७४२ मध्ये परत. पोपचा दूत १७०५ मध्ये बीजिंगला गेला तोही बिनसवूनच आला. ज्याच्या घरचे रिवाज त्यालाच कोण शिकवणार! १७२४ मध्ये पुढच्या बादशहाने धर्मावरच बंदी आणली आणि साध्या चिनी ख्रिस्ती कुटुंबांना पितर नाहीतर चर्च यातलं एक निवडायची वेळ आली. रोमने विधींवरची बंदी उठवली कधी, तर १९३९ मध्ये. तोवर किती पिढ्या गेल्या.

म्हणून २०१८ मध्ये पोप फ्रान्सिसनी बिशपांच्या नेमणुकीवर बीजिंगशी करार केला तेव्हा मला आधी बरंच वाटलं, निदान बोलतायत तरी. रोमच्या परवानगीशिवाय बिशप झालेल्या सात जणांना माफ केलं, २०२४ मध्ये करार चार वर्षांसाठी वाढवला. पण याची किंमत कुणी दिली तेही बघा. चीनमधल्या मिनदोंग भागाचे भूमिगत बिशप क्वो शीचिन यांनी सरकारला चालणाऱ्या माणसासाठी स्वतःची जागा सोडली आणि ते सहायक बिशप झाले. २०२३ मध्ये शांघायला शेन बिन यांना बीजिंगने परस्पर बसवलं आणि पोपनी तीन महिन्यांनी मान्यता दिली, मग करार पाळला कुणी? त्यात कराराचा मजकूर आजपर्यंत छापलेला नाही, ज्यांच्या विश्वासाचा सौदा त्यांनाच तो वाचता येत नाही, हे मला अजिबात पटत नाही आणि पोपवर कितीही श्रद्धा असली तरी मी ते बोलणार. बोलणी करा, जरूर करा, पण कागद लोकांसमोर ठेवा.

शांघायजवळ शेशान नावाच्या टेकडीवर मरियामातेचं मोठं चर्च आहे, २४ मे हा तिथला सण, २००७ मध्ये पोप बेनेडिक्टनी तोच दिवस जगभरच्या कॅथलिकांना चीनसाठी प्रार्थना करायला दिला. तिथल्याच सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) मा दाचिन या बिशपना ठेवलं होतं, २०१२ मध्ये दीक्षेच्याच दिवशी त्यांनी मी देशभक्त संघटनेतून बाहेर पडतो असं भर चर्चमध्ये सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर त्यांना बिशप म्हणून काम करू दिलं नाही. दर २४ मे ला मी मिस्साला जाते तेव्हा त्यांचं नाव घेते.