दोन अध्यक्षांचे मंडळ

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत असताना मी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका सांस्कृतिक मंडळात वावरले. विद्यापीठाकडे मंडळाची नोंदणी करायची तर घटना, म्हणजे मंडळाची लेखी नियमावली, सादर करावीच लागते, आणि बहुतेक मंडळे कोणत्या तरी जुन्या नमुन्यात स्वतःचे नाव घालून ती दाखल करून मोकळी होतात. आमची घटनाही तशीच जन्माला आली असावी. परंतु दरवर्षीचे मेळावे तिच्यात भर घालत गेले, आणि चिटणीस म्हणून ती माझ्या हाती आली तेव्हा तिच्यातील बहुतेक कलमांमागे एखादा मेळावा, एखादी फजिती किंवा मध्यरात्रीपर्यंत रंगलेला वाद उभा होता. त्यामुळे ते मेळावे मला आजही कलमांच्या आधाराने आठवतात.

मी तिथे कशी शिरले, हे आधी सांगितले पाहिजे, कारण मी जपानी नव्हते आणि अमेरिकीही नव्हते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून उभी राहिलेली, आता पु. ल. देशपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी जपानी धाटणीची बाग सिंहगड रस्त्यावर आहेच. त्या वातावरणात शिकलेली थोडीफार जपानी गाठीशी घेऊन मी सप्टेंबरमधील पहिल्या सभेला गेले. सभासदत्वाचे कलम विद्यापीठातील कोणत्याही विद्यार्थ्यासाठी खुले होते. तसे ते ठेवणे विद्यापीठाच्या नियमांनुसार बंधनकारकच होते. मी दोन्ही पक्षांची नाही, म्हणून इतिवृत्त लिहायला सोयीची आहे, असे सर्वांनुमते ठरले आणि पुढच्या वर्षी वही माझ्याकडे आली.

मंडळाला अध्यक्ष दोन असत, एक जपानी बाजूचा आणि एक अमेरिकी बाजूचा, आणि खर्चाच्या प्रत्येक कागदावर दोघांच्याही सह्या लागत. मानापमान टाळण्यासाठी काढलेली ही युक्ती असावी, असे मला आरंभी वाटले होते. खरे कारण दिनदर्शिकेत होते. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आमचे सप्टेंबरच्या अखेरीस. जपानमधून एक वर्षासाठी आलेले विद्यार्थी शरद ऋतूत येत आणि जूनमध्ये, काही तर मार्चमध्येच, परत जात. मे महिन्यात एकदाच निवडणूक घेतली, तर जपानी अध्यक्ष निवडून येताच विमानात बसायचा. म्हणून अमेरिकी बाजूची निवड मेमध्ये आणि जपानी बाजूची ऑक्टोबरमध्ये होई, आणि काम माहीत असलेला निदान एक माणूस कोणत्याही महिन्यात जागेवर असे. याच दिनदर्शिकेमुळे आणखी एक कलम आले होते: नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला दोन्ही भाषा जाणणाऱ्यांसाठी जपानी कंपन्यांचा मोठा नोकरी मेळावा भरतो, त्या शनिवार-रविवारी आमचा कोणताही कार्यक्रम ठेवायचा नाही. हे कलम कोणी सुचवले ते वहीत नव्हते, पण रिकाम्या सभागृहात मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहत बसलेल्या कोणीतरी ते सुचवले असणार, हे नक्की.

शरद ऋतूतील पहिल्या सभेत नव्या सभासदांना जपान-अमेरिका विद्यार्थी परिषदेची हकिकत सांगण्याची रीत होती. १९३१ मध्ये जपानने चीनच्या मांचुरिया प्रांतावर कब्जा करायला सुरुवात केल्यानंतर जपान आणि अमेरिका यांचे संबंध बिघडत चालले, तेव्हा जपानी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन १९३४ मध्ये टोकियोच्या आओयामा गाकुइन या शिक्षणसंस्थेत पहिली परिषद भरवली. पुढल्या वर्षी ती पोर्टलंडच्या रीड कॉलेजात भरली, आणि एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असा क्रम पडला. १९४० नंतर युद्धाने ती थांबवली, १९४७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. १९३९ च्या परिषदेला आलेले किइची मियाझावा पुढे जपानचे पंतप्रधान झाले आणि १९५१ च्या परिषदेत पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर होते, ही नावे ऐकताना नव्या मुलांचे डोळे चमकत. मला मात्र त्या परिषदेची एक पद्धत अधिक मोलाची वाटे: तिथे जमलेले विद्यार्थीच आपल्यातून पुढल्या वर्षीची कार्यकारी समिती निवडतात आणि सगळी व्यवस्था तीच समिती पाहते. आमच्या घटनेतील ‘सल्लागार प्राध्यापक सल्ला देतील, निर्णय देणार नाहीत’ हे वाक्य त्याच वळणाचे होते.

सभा चालवण्याची रीत हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांवर बेतलेली होती: सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. अमेरिकी मुले त्यात लहानपणापासून मुरलेली. हात वर, ठराव मंजूर, पुढचा विषय. जपानी सभासद गप्प बसत, ठरावाच्या बाजूने मत देत आणि नंतर कामाला मात्र येत नसत. त्यांच्या दृष्टीने ठराव सभेत येण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे झालेले असायला हवे होते, आणि ते न झाल्यामुळे सभेतील त्यांच्या होकाराला फारसा अर्थ नव्हता. यावर निघालेला तोडगा साधा होता. ज्या सभेत ठराव मांडला जाईल त्या सभेत त्यावर मतदान होणार नाही. मध्ये एक आठवडा गेला पाहिजे. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलांवर खरी सभा होई, आणि मतदानाच्या दिवशी बोलायला फारसे काही उरत नसे. आमच्याकडच्या अनेक मंडळांना हा नियम लागू करावा, असे मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते.

जानेवारीतील नववर्षाचा मेळावा सर्वांत मोठा असे. रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ वाफवायचा, लाकडी उखळात घालून मोठ्या लाकडी हातोड्याने कुटायचा, आणि दोन घावांच्या मध्ये दुसऱ्याने ओल्या हाताने तो गोळा उलटायचा. मोची कुटण्याचा हा सोहळा बघायला सगळे आवार लोटत असे. पण सार्वजनिक ठिकाणी खाद्यपदार्थ वाटायचे तर आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना लागतो, आणि तयार अन्नाला उघड्या हाताने स्पर्श करण्यास वॉशिंग्टन राज्यात मनाई आहे. हातमोजे घातले की गरम मोची त्यांना चिकटते. त्यामुळे ‘उलटणाऱ्याने हातमोजे घालावेत व प्रत्येक घावाआधी ते पाण्यात बुडवावेत, कुटणारा व उलटणारा यांनी आधी रिकाम्या उखळावर ताल बसवावा’ असे कलम आमच्या घटनेत होते, आणि विद्यापीठाच्या कचेरीतील ज्या कोणी ते वाचले असेल त्याची मला नेहमी मजा वाटे. आमाझाके या गरम गोड पेयाबद्दलही कलम होते: ते कोजीपासून, म्हणजे खास बुरशी लावून आंबवलेल्या तांदळापासून, केलेलेच असावे, साके या तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून केलेले नसावे, कारण दुसऱ्या प्रकारात थोडे मद्य राहते. जपानमध्ये मद्यपानाचे वय २० आणि इथे २१. या एका वर्षाच्या फरकाने जितक्या समजुती घालाव्या लागल्या तितक्या कोणत्याही राजकीय प्रश्नाने घालाव्या लागल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या तीन तारखेच्या आसपास सेत्सुबुनचा मेळावा. भुतांना बाहेर घालवण्यासाठी भाजलेले सोयाबीन फेकायचे आणि आपल्या वयाइतके दाणे खायचे. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाहून आलेल्या एका मुलाने मात्र टरफलासकट शेंगदाणे आणले. त्याच्याकडे तीच रीत, आणि ते जमिनीवर पडले तरी उचलून खाता येतात, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेत शेंगदाण्याच्या ॲलर्जीची धास्ती केवढी असते, याची त्याला कल्पना नव्हती. शेंगदाणे बंद झाले, तो मुलगा दोन आठवडे नाराज होता, आणि त्याची भरपाई म्हणून मार्चमधील स्वयंपाकाचा कार्यक्रम होक्काइदोच्या पदार्थांचा ठरला.

फेब्रुवारीच्याच १९ तारखेला आमचा मेळावा वेगळ्या प्रकारचा असे. १९४२ मध्ये याच तारखेला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते, घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. सिएटलच्या लोकांना आधी जवळच्या प्युअॅलपच्या जत्रेच्या मैदानावर आणि तेथून आयडाहोतील मिनिडोका येथे नेण्यात आले. आमच्याच विद्यापीठातील चारशेहून अधिक विद्यार्थ्यांचे शिक्षण असे तुटले. गॉर्डन हिराबायाशी हा त्यांच्यापैकीच एक. त्याने संचारबंदी मानण्यास नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये त्याची शिक्षा कायम केली, आणि ती रद्द व्हायला १९८७ साल उजाडले. जपानहून आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसे. अमेरिकेच्या पूर्वेकडून आलेल्यांनाही नसे. त्या आठवड्यात मंडळाने कोणताही करमणुकीचा कार्यक्रम ठेवू नये आणि पाहुण्या वक्त्यांना ‘तुम्हाला राग येत नाही का’ हा प्रश्न पहिलाच विचारू नये, अशी दोन कलमे होती. दुसऱ्या कलमाला मी सुरुवातीला हसले होते. पाहुण्या म्हणून आलेल्या एका आजींनी, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या, जत्रेच्या मैदानावरील वास आणि आईने खिडकीला लावलेले पडदे यांविषयी तासभर सांगितले, आणि त्या सांगत असताना ते कलम कशासाठी आहे हे आपोआप समजले. २००८ च्या मे महिन्यात विद्यापीठाने त्या जुन्या विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या. सहासष्ट वर्षांनंतर टोपी आणि झगा घालून आलेली ती वृद्ध मंडळी पाहायला आमच्यापैकी अनेक जण गेले होते.

आजींची नात आमची सभासद होती, आणि तिच्यामुळे मंडळातील सर्वांत लांबलेला वाद झाला. ती चौथ्या पिढीतील. पणजोबा-पणजी जपानहून आलेले. तिला जपानी येत नव्हते, आणि उन्हाळ्यातील बोन ओदोरीचे नाच मात्र टोकियोच्या मुलांपेक्षा अधिक पाठ होते, कारण सिएटलच्या बौद्ध मंदिरात ती लहानपणापासून नाचत होती. अध्यक्षपदासाठी तिने अर्ज केला. कोणत्या बाजूने? जपानी मुलांना ती निःसंशय अमेरिकी वाटत होती, तर काही अमेरिकी मुलांनी, अगदी सद्भावनेने, तिला जपानी बाजू सुचवली. ती संतापली, आणि तिच्या आजीची कहाणी नुकतीच ऐकलेल्या आम्हा सर्वांना त्या संतापाचे मूळ कळत होते. ज्या मंडळाचे नावच दोन बाजूंनी बनलेले होते, त्याला दोन्हींत असलेल्या माणसासाठी जागा करता येईना. आई जपानी आणि वडील अमेरिकी असलेला एक सभासद वर्षभर या प्रश्नाला विनोदाने उत्तर देत आला होता. त्या सभेत तोही पहिल्यांदा गंभीरपणे बोलला.

बाजूंची अटच काढून टाका, असे काहींचे म्हणणे पडले. मग सगळी पदे इंग्रजी सफाईने बोलणाऱ्यांकडे जातील, ही जपानी मुलांची भीती खरी होती. शेवटी आठवडाभराच्या अवकाशानंतर कलम असे मंजूर झाले: बाजू उमेदवाराने स्वतः लिहून द्यावी, ती कोणीही विचारू अथवा पडताळू नये, आणि एका अध्यक्षाने तरी जपानमध्ये शालेय शिक्षण घेतलेले असावे. अट रक्ताकडून अनुभवाकडे सरकली. मी लिहिलेल्या इतिवृत्तांपैकी मला अभिमान वाटावा असे तेच एक. ती मुलगी निवडून आली आणि अध्यक्ष म्हणून फार कडक निघाली, हेही नमूद केले पाहिजे.

चेरीच्या फुलांचा मेळावा तारखेने ठरत नसे. विद्यापीठाच्या चौकातील जुने योशिनो वृक्ष साधारण मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे नेमके परीक्षा आणि सुट्टीच्या सुमारास फुलतात. त्यामुळे ‘फुले ठरवतील, समिती कळवील’ एवढेच घटनेत होते. फांद्या ओढू नयेत, मुळांवर निळी ताडपत्री पसरू नये, कचरा सोबत न्यावा. दर आठवड्याच्या संभाषणवर्गात अर्धा तास जपानी आणि अर्धा तास इंग्रजी, घड्याळ लावून. हा नियम दर वेळी मोडला जाई आणि दर वेळी पुन्हा वाचून दाखवला जाई.

प्रत्येक मेळाव्यानंतर आठवड्याच्या आत उणिवा तपासण्याची बैठक घ्यावीच लागे. ही जपानी शाळांतून आलेली सवय. अमेरिकी मुले एकमेकांची पाठ थोपटून पाच मिनिटांत उठू पाहत, जपानी मुले दोन तास फक्त चुका मोजत; म्हणून पहिली वीस मिनिटे जमलेल्या गोष्टींना, पुढली वीस न जमलेल्यांना, आणि चुकीसोबत कोणाचेही नाव लिहायचे नाही, असे ठरले होते. गणेशोत्सव मंडळाचे पावतीपुस्तक आणि त्यावरून होणारी भांडणे पाहत मोठी झालेल्या मला ही निनावी नोंद फार सुसंस्कृत वाटे. नुकसान एवढेच की, आज त्या वह्या वाचताना तांदूळ कोणी करपवला होता हे काही केल्या कळत नाही.

अलीकडे तिथल्या नव्या समितीने जुन्या चिटणिसांचा शोध घेत मला पत्र लिहिले: आमाझाकेचे कलम अन्यायाचे दिसते, ते का घातले? मी कारण कळवले. त्यांनी कलम ठेवले, हातमोज्यांचे ठेवले, शेंगदाण्यांचेही ठेवले, आणि यापुढे प्रत्येक कलमाखाली ते कोणत्या मेळाव्यानंतर व कशासाठी आले हे दोन ओळींत लिहावे, अशी दुरुस्ती मंजूर केली. जुन्या कलमांच्या ओळी लिहून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडेच सोपवले आहे.