मायनर अपडेट: पेडल अखेर कडक झालं!

काल संध्याकाळी पावणेसातला माझ्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचं ब्रेक पेडल कडक झालं. पाय दाबून धरला, मनात साठपर्यंत आकडे मोजले, पेडल तसूभरही खाली गेलं नाही. गाडीखालून आमच्या क्लबमधले फोक्सवॅगन बीटलवाले काका ओरडले, "सोडू नकोस रे, धर अजून!" ट्रायम्फ हेराल्डवाली ताई टॉर्च घेऊन एकेका जॉइंटवर बोट फिरवत होती. सगळे कोरडे.

मागच्या वेळी लिहिलं होतं तेच दुखणं. ब्रेक सावकाश दाबून धरला की पेडल हळूहळू बसायचं, पण बाहेर ऑइलचा थेंब नाही. चाकांपाशी ब्रेक दाबणारे सहाच्या सहा व्हील सिलिंडर बदलून झाले होते, तरी फरक शून्य. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या भागाचा) कप, म्हणजे आतला रबरी सील, आतल्या आत दाब सोडत होता, आणि मी ते मान्य करायला तयार नव्हतो. कारण मायनरवाल्यांना माहीत आहे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हा सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या आत बसतो आणि त्याचे बोल्ट बाहेर ओढायला गेलं की टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी पिळाची दांडी, आडवा येतो.

पहिला रविवार त्या बारपायीच गेला. काकांच्या बीटललाही टॉर्शन बार आहेत, त्यामुळे त्यांनी आधी मला थांबवलं. बारवर आणि लिव्हरवर पंचने खुणा, मग जॅकवर भार घेऊन ताण पूर्ण उतरवायचा, त्यानंतरच नटला पाना. ताणाखालचा बार जिवावर बेतू शकतो, तेव्हा हा क्रम कुणीही मोडू नका. शिवाय वापरलेले बार डावे-उजवे बदलायचे नसतात. ब्रेक पाइपच्या नटाला मात्र जवळजवळ सगळ्या बाजूंनी पकडणारा फ्लेअर नट स्पॅनरच हवा. साध्या पान्याने कडा गोल होतात, मग पाइपच कापावा लागतो.

सिलिंडर उघडला तर कपची कड फाटलेली आणि बोअरमध्ये गंजाचे बारीक खड्डे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचाच हा परिणाम. खड्डे पडलेल्या बोअरमध्ये नुसतं रबरी सीलचं किट टाकून उपयोग नाही, म्हणून अख्खा सिलिंडर नवा. एका विक्रेत्याने पाठवलेल्या सिलिंडरची आटी पाइपच्या नटाला जुळेना. तो परत केला. दुसरा काकांनी स्वतःच्या ओळखीने मिळवला. बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घातले, म्हणजे पुढच्या वेळी बारला हात लावायला नको.

दुसऱ्या रविवारी गाडी खाली उतरवली तर उजवी बाजू जवळजवळ दीड इंच खाली! बार एक स्प्लाइन (टोकावरची एक खाच) सरकून बसला होता. अंधार पडला होता आणि मी पुरता हताश झालो होतो. ताई एवढंच म्हणाली, "उद्या सुट्टी घेते." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आल्या.

ताईची ओळख झाली ती याच गाडीमुळे. मेळाव्यात तिने माझ्या बॉनेटच्या मधल्या पट्टीवर हात ठेवून सांगितलं होतं की मायनरचे डिझायनर इसिगोनिस यांनी तिचा नमुना मधोमध कापून 4 इंच रुंद केला, ही त्याचीच खूण. गाडी 1948 साली बाजारात आली ती त्या रुंदीने. मग वडील आजारी असताना चार महिने मी गाडीकडे फिरकलो नव्हतो. चावी ताईकडे होती. टायरना एकाच जागी सपाटी कशी आली नाही, याचं मला नंतर नवल वाटत होतं, तेव्हा कळलं की ती दर रविवारी येऊन इंजिन चालू करायची आणि गाडी पुढेमागे करून जायची. यातलं एक अक्षर तिने मला सांगितलं नव्हतं.

तर काल ब्लीडिंग, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढणं. एकट्याने हवा काढायचं व्हॉल्व्हवालं किट माझ्याकडे आहे, पण निपलच्या (चाकापाशी हवा काढायच्या स्क्रूच्या) आट्यांतून ते हवा ओढत राहतं. दोन माणसांची पद्धतच खात्रीची. सिलिंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे डावं मागचं चाक आधी. "दाब." "दाबलं." "धर." "सोड." पारदर्शक नळीतून बुडबुडे येत राहिले, मग बारीक झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल. ती नळी मी किती वेळ बघत बसलो होतो!

यानंतर ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) बसवायचा विचार होता. तो आता पुढे ढकलतोय. हे लिहितानाच सुचलं की फ्लेअर नट स्पॅनर, ड्रम पुलर, पंच, ब्लीड नळ्या अशी क्लबची एक सामायिक पेटी करावी. प्रत्येकाने एकेकटं विकत घ्यायची ही हत्यारं नाहीत. काकांना आत्ताच फोन केला, पेटी ते बनवताहेत.

पुढचा रविवार हेराल्डचा. तिचा गिअरबॉक्स केबिनमधून आतूनच निघतो. ताईने सीट आजच काढून ठेवल्यात.