उजनीच्या काठाने: पाण्यामागे सरकणारं कुरण

पुण्याहून भिगवणला जाणारी बहुतेक मंडळी रोहित पक्ष्यांसाठी जातात. पहाटे हडपसर सोडायचं, यवत, पाटस, कुरकुंभ मागे टाकत सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, मग कुंभारगाव नाहीतर डिकसळला होडी, आणि दुपारी मासळीचं ताट. आम्ही होडी नंतरवर ठेवली आणि उजनी जलाशयाच्या काठाने पायीच निघालो. बघायचं होतं ते काठावरचं गवत आणि त्यावर चरणारी गुरं.

हे गवत समजून घ्यायचं तर आधी धरण समजलं पाहिजे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३-६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे हिशेबात न धरलेलं तळचं पाणी; पातळी तिथवर उतरली की ती ‘वजा’. पावसाळ्यात धरणामागचा फुगवटा भरतो, पुढे शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटत जातात आणि उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी वजा पातळीत’ अशी बातमी येते. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं ते ह्याच दिवसांत. काठ इतका सपाट आहे की पाणी थोडं उतरलं तरी पुष्कळ जमीन उघडी पडते. उतार शंभराला एक धरला, तर पाणी फूटभर खाली गेलं की तीस मीटर रुंदीची पट्टी बाहेर येते. ही जमीन गाळाची आणि आतून ओली, त्यामुळे भर उन्हाळ्यात, गायरानं वाळून खडखडीत झालेली असताना, इथे हिरवं असतं.

उघड्या पडलेल्या जमिनीचा बराच भाग गाळपेरीत, म्हणजे ओल्या गाळावरच्या पेरणीत, जातो. उरतं ते कुरण. वरच्या अंगाला वेडी बाभूळ, बेशरमीची झुडपं आणि लांडगा नावाचं तण. बेशरमीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती माजते. लांडग्याची काटेरी फळं सगळ्यांना माहीत असतात, पण खरा धोका त्याच्या नुकत्या उगवलेल्या दोन पानी रोपात असतो. ते विषारी. ओल मिळाली की ही रोपं दाटीने उगवतात आणि भुकेलं वासरू ती गवताबरोबर ओढतं. मधल्या पट्ट्यात हरळी आणि जलपिंपळी, हीच चांगली चराई. त्याखाली लव्हाळा, आणि मग नुसता चिखल.

सगळी मेख लव्हाळ्याच्या ह्या ओल्या पट्टीत आहे. बघायला ती सगळ्यात कोवळी, सगळ्यात हिरवी. गुरं आपसूक तिकडे ओढली जातात. तिथेच त्यांना जाऊ द्यायचं नाही.

खाली उतरून एका खुराच्या ठशाशी बसलो. चार बोटं खोल, तळाशी पाणी, आणि त्या पाण्यात चिंचोक्याएवढ्या, पातळ कवचाच्या तीन गोगलगायी. असल्याच गोगलगायींच्या अंगात लिव्हर फ्ल्यूक, म्हणजे यकृतातला चपटा कृमी, वाढतो. बाधित जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात पडतात, उन्हाळ्याच्या उबेत दोनेक आठवड्यांत फुटतात, बाहेर पडलेली अळी गोगलगायीत शिरते. तिथे तिची संख्या वाढते आणि काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर चिकटून बसतात. ते गवत गाईच्या पोटात गेलं की कृमी यकृतात. खुरांनी काठ तुडवला की असे शेकडो ठसे पडतात, प्रत्येकात पाणी साचतं, आणि गोगलगायींना जागा आपण स्वतःच करून देतो. नंतर दिसतं ते रोडावलेलं जनावर, पातळ शेण, पांढरी पडलेली पापणी आणि जबड्याखाली उतरलेलं पाणी. तोवर कृमी आत शिरून दोन-तीन महिने होऊन गेलेले असतात.

काठावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने हेच एका दमात सांगितलं: ‘खाली वलीत नेली की पोटं गळत्यात. म्हणून त्या टेकाडाच्या खाली सोडत न्हाई.’

टेकाड नसेल तिथे टाचेची परीक्षा पुरते. गवतावर उभं राहून टाच जोराने दाबायची. ठसा दोन बोटांहून खोल गेला किंवा त्यात पाणी झिरपलं, तर ती जमीन अजून गुरांची झालेली नाही. पाणी आणखी उतरेपर्यंत थांबायचं आणि टाचेला कोरडं लागेल तिथून वर चारायचं. पाण्याच्या कडेपासून निदान वीस पावलं मोकळी ठेवावीत. सकाळी दव उडाल्याशिवाय सोडू नये. जनावराचं वजनही बघावं. साडेतीनशे किलोची खिल्लार गाय जिथे निभावते तिथे पाचशे किलोची संकरित गाय रुतते, आणि ओल्यात रोज उभं राहून तिचे खूर मऊ पडून सडतात. संकरित गाई ह्या कुरणावर आणूच नयेत. त्यांना इथलं गवत कापून न्यावं आणि दोन दिवस कडक उन्हात चांगलं वाळवून घालावं.

एका एकरावर किती गुरं, ह्याचा अंदाज डोळ्यांनी घेतला तर हमखास जास्त धरला जातो. त्यापेक्षा चार काठ्यांनी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखावा, आतलं गवत कापून तोलावं. चार-पाच ठिकाणी हेच करून सरासरी काढावी. समजा ६०० ग्रॅम निघालं, तर एकराला सुमारे चोवीसशे किलो ओलं गवत. त्यातलं निम्मं जमिनीवर ठेवायचंच, म्हणजे हाताशी बाराशे किलो. खिल्लार गाईला दिवसाला वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा लागतो, तो ओल्या गवतात चाळीस किलोच्या घरात जातो. म्हणजे एकरावर एक गाय तीस दिवस, किंवा दहा गाई तीन दिवस. संध्याकाळी दावणीला निम्मा कडबा घातला तर मुक्काम दुप्पट. हरळी बोटभर उरली की कळप पुढे काढायचा. खाली ओल असेल तर तीन-चार आठवड्यांत ती पुन्हा चरण्याजोगी होते. मेमध्ये वरची पट्टी वाळली की फुटवा येत नाही, मग तिथे फिरून जाण्यात अर्थ नाही.

गाय गवत जिभेने वेढून तोडते, त्यामुळे बुडखा शाबूत राहतो. मेंढ्या मात्र मुळापर्यंत कुरतडतात. हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस ह्या आखूड, कोवळ्या हरळीवर चरतात. गुरं अजिबात नसतील तर गवत वाढून राठ होतं आणि बेशरम खाली सरकते. ताज्या शेणाच्या पोवाजवळ पिवळा धोबी शेपटी हलवत किडे टिपत होता, दोन पावलांवर गायबगळा. आता एक तक्रार. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध टोचलं की ते शेणातून उतरतं आणि शेणातले किडे मरतात. म्हणून टोचल्यावर दोन-तीन आठवडे ती जनावरं गोठ्याजवळ ठेवावीत. एवढंसं पथ्य, पण पाळताना कोणी दिसत नाही.

पाणी उतरलं की उघडी पडलेली बेटं काठाला जोडली जातात. नदी सुरय आणि छोट्या पाणभिंगऱ्या उन्हाळ्यात अशाच उघड्या, रेताड जागी जमिनीवर अंडी घालतात. ती वाळूच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. वर पक्षी ओरडत घिरट्या घालायला लागले, तर कळप तिथूनच वळवावा आणि कुत्रं बांधून ठेवावं. त्या बेटांवर गवत तरी कितीसं असतं!

आता पिण्याचं पाणी. काठ बंद ठेवला तर गुरांनी प्यायचं कुठे? एकच जागा निवडून तिथे मुरूम टाकून घाट करावा, नाहीतर पंपाने वर हौद भरावा. गाईला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर, म्हशीला त्याहून जास्त धरावं. हौद केव्हाही बरा, कारण पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथेच येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग येतो, आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे तो रंगाच्या लपक्यासारखा साचतो. ह्यातल्या काही शेवाळांत विष असतं. तवंग दिसेल त्या दिवशी तो काठ बंद.

गाळपेरीची ज्वारी कापून झाली की शेतकरी धाटांवर गुरं सोडू देतात. ओल असल्याने बुंध्याला फुटवे येतात, आणि त्या कोवळ्या फुटव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. फुटवे दोन-अडीच फुटांच्या वर गेल्याशिवाय त्या रानात जाऊ नये. विषबाधा झाली तर जनावर थरथरतं, धापा टाकतं, आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ उरत नाही.

घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाआधी, मेमध्येच टोचून घ्याव्यात. फ्ल्यूकचं औषध पशुवैद्यकाला विचारून द्यावं. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही चालतं, ऑक्सिक्लोझॅनाइड फक्त मोठ्यांवर, आणि दोन्हींनंतर दूध किती दिवस वापरायचं नाही हे विचारल्याशिवाय डॉक्टरांना सोडू नये. पुढे मुळशी-मावळाकडे पाऊस लागला की दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून भीमेत खाली येणारं पाणी, वाढतो आणि इथे थेंब पडलेला नसतानाही काठ बुडायला लागतो. बेटांवर आणि खालच्या पट्टीत राहिलेली गुरं जूनच्या पहिल्या आठवड्याआधीच वर आणून बांधावीत, विसर्गाच्या बातमीची वाट बघू नये.