वाघ आणि ताडाचे झाड

आज फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात दुपार घालवली आणि घरी येताच पाकिटातली शंभराची नोट काढून भिंगाखाली धरली. गव्हर्नरांच्या स्वाक्षरीजवळच्या त्या इवल्याशा गोल मुद्रेत ताडाचे झाड आणि त्याच्यापुढे चालणारा वाघ अगदी स्पष्ट दिसला. इतकी वर्षे ही नोट हाताळूनही मी त्याच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते, याची खरोखर खंत वाटली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहर या सोन्याच्या नाण्यावर सिंह आणि ताड होते. 1935 साली बँक स्थापन झाली तेव्हा तीच कल्पना स्वीकारली गेली, मात्र सिंहाऐवजी वाघ घेतला गेला, कारण तो भारताची ओळख अधिक नेमकेपणाने सांगणारा प्राणी मानला गेला. पण डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांना पहिल्या मुद्रेतल्या वाघाचे रूप पसंत पडेना, म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या बेल्व्हेडेर या हवेलीच्या फाटकावरील वाघाचा पुतळा आदर्श म्हणून सुचवला आणि आपल्या नाशिकच्या छापखान्यात नवे नमुने तयार करवून घेतले. एका चित्रासाठी घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर नोटेवरच्या राजाच्या चित्राची जागा अशोकस्तंभाने घेतली, वाघ मात्र राहिला. एक रुपयाच्या नोटेवर तो नसतो, कारण ती नोट भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.