मामा म्हणजे कोण

बाल कल्याण समितीचं पत्र आलं तेव्हा मी बेळगावजवळच्या खानापुरात बचत गटाच्या बैठकीला बसले होते. तेरा वर्षांच्या एका मुलीसाठी मला 'सपोर्ट पर्सन' म्हणून नेमलं होतं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा; त्याच्या 2020 च्या नियमांत ही नेमणूक आहे. तपासापासून खटला संपेपर्यंत मुलीच्या सोबत राहायचं, पुढं काय होणार ते तिला आणि घरच्यांना सांगत राहायचं, दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा. प्रशिक्षण झालं होतं, पण प्रत्यक्ष केस ही पहिलीच.

तिचं गाव, तालुका, शाळा यातलं काही इथं लिहिणार नाही. तिची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती नसती तरी मी लिहिलं नसतं. तिच्यावर काय ओढवलं तेही सांगणार नाही. मला सांगायचंय ते तिच्या फिर्यादीतल्या एका शब्दाबद्दल.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. मी विचारलं, "काय झालं गं बाळ?" तिनं ओढणीचं टोक दातात धरलं आणि तासभर एक अक्षर बोलली नाही. तोवर हाच प्रश्न तिला आईनं, आज्जीनं, शाळेतल्या बाईंनी, ठाण्यात आणि दवाखान्यात विचारून झाला होता. तो विचारणं माझं कामच नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी तिच्याकडे वळलेसुद्धा नाही. आईपाशी बसून कागद बघायला घेतले.

फिर्याददाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती आईनं पिशवीत घडी करून ठेवली होती. सगळं कन्नडमध्ये. आईला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. खाली सही मात्र तिची, मराठीत. मी वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. आरोपीच्या नावापुढं 'सोदर माव' लिहिलं होतं. म्हणजे आईचा सख्खा भाऊ.

"हा तुमचा भाऊ?" मी विचारलं.

आईनं उंबऱ्यावर बसलेल्या माणसाकडं बघितलं. "माझा भाऊ हा. यानंच गाडीवरून आम्हाला ठाण्यात नेलं."

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "आक्का, तो समोरच्या घरातला मामा."

आमच्याकडे गल्लीतला आईच्या वयाचा कुठलाही माणूस मामाच. ती ठाण्यात 'मामा' म्हणाली, लिहिणाऱ्यानं नातं लिहिलं. त्या लिहिणाऱ्या पोलिसानं मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. आई सांगते, तो तिच्याशी मराठीतच बोलला, मुलीला पाणी दिलं. पण रात्र झाली होती, घाई होती आणि लिहिलेलं परत वाचून दाखवलं नाही. पोक्सोच्या कलम 19 मध्ये ते स्पष्ट आहे: फिर्याद लिहून घेतल्यावर देणाऱ्याला वाचून दाखवायची, आणि मुलाला त्या भाषेत कळत नसेल तर दुभाषी द्यायचा.

एका शब्दानं काय बिघडतं? पोक्सोत आरोपी नात्यातला असेल तर गुन्हा जास्त गंभीर धरतात, कलम बदलतं. उद्या बचावाचा वकील म्हणणार, मुलगी नात्यातल्या माणसाचं सांगते, हा तर शेजारी, मग खोटं कुठलं? आणि तो सख्खा मामा. गावात कुणीतरी कागद वाचला असता तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की लोक 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरुवात करतात. तो वाद मला इथं आणायचा नाही. पोलीस कन्नडमध्ये लिहिणार, कोर्टही कन्नडमध्येच चालणार. मुलीनं मराठीत सांगितलेलं कन्नडमध्ये उतरल्यावर ते पुन्हा मराठीत तिच्या कानावर पडलं पाहिजे, एवढंच माझं मागणं. कुणाबरोबर ठाण्यात जायची वेळ आलीच तर सही करण्याआधी 'ओदी हेळ्री', म्हणजे वाचून सांगा, 'मराठीत सांगा' म्हणा. वाचून सांगेपर्यंत पेन हातात घेऊ नका.

मी अर्ज लिहून आईबरोबर ठाण्यात गेले आणि पुरवणी जबाब मागितला. "इदेनु दोड्ड विषय?", म्हणजे यात काय एवढं मोठं, असं ऐकून घ्यावं लागलं, तीन चकरा झाल्या. शेवटी एक महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या, कायद्यात तसंच आहे. आई शेजारी बसली. दुभाषी म्हणून दुसऱ्या गावच्या शिक्षिका आल्या. मला दोन्ही भाषा येतात, पण मी दुभाषी व्हायला नकार दिला. मी भाषांतर केलं असतं तर पुढं 'सोबतच्या बाईनंच पढवलं' म्हणायला वाव मिळाला असता. वाचून दाखवताना मुलीनंच आणखी एक चूक पकडली. ती 'परवा' म्हणाली होती, आणि फिर्यादीत बरोबर दोन दिवस आधीची तारीख पडली होती. तिचं परवा म्हणजे आदल्या बाजाराचा दिवस.

मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबाला मी दाराबाहेर बसले. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "सगळं वाचून दाखवलं."

पैशांचं काम वेगळंच. बहुतेक घरांना वाटतं, शिक्षा झाली तरच भरपाई. तसं नाही. एफआयआर झाल्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं आणि आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शासनानं ती द्यायची असते. त्याआधीच्या तातडीच्या गरजेसाठी, म्हणजे प्रवास, कपडे, जेवण, बाल कल्याण समिती वेगळ्या मदतीची शिफारस करते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता वकील देतं, 15100 वर फोन करता येतो. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी 4 ते 7 लाखांची तरतूद आहे, आणि अल्पवयीन असेल तर 80 टक्के रक्कम मुदत ठेवीत जाते. आमचं अडलं ते बँकेत. मुलीचं खातं बंद पडलेलं, आधारवर आईचं नाव वेगळं. चार आठवडे त्यात गेले. कर्नाटकात बायकांना बसप्रवास फुकट देणाऱ्या शक्ती योजनेमुळे आम्हा तिघींना बसला तिकीट पडत नव्हतं, नाहीतर आईनं दुसऱ्याच चकरेला हात टेकले असते.

या दिवसांत मला झोप लागत नव्हती. गोपनीयता म्हणजे घरातही बोलायचं नाही. नवरा विचारायचा, मी 'डोकं दुखतंय' म्हणायचे. शेवटी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना फोन केला. नावगाव न सांगता नुसती रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दर पंधरा दिवसांनी फोन करायला सांगितलं. तो मी अजून करते. हे काम एकट्यानं अंगावर घेऊ नये.

साक्षीची तारीख लागली तोवर तिची आठवी संपली होती. आदल्या दिवशी तिनं विचारलं, "आक्का, काय सांगू?" म्हटलं, "आठवतं ते. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण." त्यापुढं एक शब्द बोलले नाही.

कोर्टात पडदा होता, आरोपी तिला दिसला नाही. प्रश्न वकिलांचे, पण विचारायचे ते न्यायाधीश, दुभाष्यामार्फत. मध्ये दोनदा थांबून तिला पाणी दिलं. मग बचावाचा प्रश्न आलाच: पहिल्या फिर्यादीत नात्यातला मामा लिहिलंय, त्याचं काय? न्यायाधीशांनी तो साध्या शब्दांत विचारला.

"मामा म्हणजे कोण?"

माझे हात गार पडले. ती मात्र लगेच बोलली. "आमच्या गल्लीत सगळ्यांनाच मामा म्हणतात. हा समोरच्या घरातला. माझा खरा मामा बाहेर बसलाय."

ते लिहिलं गेलं, मराठीत वाचून दाखवलं गेलं. ती ऐकत होती, बोट मांडीवर टेकवून, एकेक वाक्य मोजल्यासारखी.

बाहेर तो झाडाखाली डबा घेऊन उभा होता. ती सरळ त्याच्याकडं गेली. आत काय बोलली ते त्याला कुणी सांगितलं नाही.

अजून डॉक्टरांची आणि तपास अधिकाऱ्यांची साक्ष व्हायचीय. ती आता दुसऱ्या शाळेत नववीत आहे. या महिन्याच्या अहवालात मी लिहिलंय: हजेरी पूर्ण, झोप बरी, गणित अवघड जातंय, शिकवणी बघायची आहे.