सिलिकॉनचं की पाण्याचं?

"ताई, तुम्ही सिलिकॉनचं बसवलंत की पाण्याचं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, देवळाच्या ओट्यावर विचारलाय, एकदा तर रावेरच्या बस स्टँडवर विचारलाय. कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या जागी आत ठेवायची भरलेली पिशवी, बसवलं. हे मी कधी लपवलं नाही, म्हणून जिच्या घरी ही वेळ येते ती कुणाच्या तरी ओळखीने माझ्यापर्यंत पोहोचते. तुम्हीही तसंच विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

उत्तर एका शब्दाचं आहे: सिलिकॉनचं. पण तेवढंच ऐकून डॉक्टरांकडे जाऊ नका. आत काय भरलंय हा या निवडीतला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी एक गैरसमज. पाण्याचं म्हणजे सिलिकॉन नसलेलं, असं बऱ्याच जणींना वाटतं. बाहेरची पिशवी दोन्हींत सिलिकॉनचीच असते. एकीत सलाईनचं पाणी, दुसरीत जेल. माझ्या डॉक्टरांनी टेबलावर नमुने मांडले होते. पाण्याचं हातात घेतलं तर आत हिंदकळल्यासारखं लागलं. मग त्यांनी मधोमध कापलेलं एक जेलचं इम्प्लांट पुढे केलं. मी कडेला बोटाने दाबलं. जेल बाहेर आलं, बोट काढलं तसं परत आत गेलं. खरवसाची वडी जशी कापली तरी आकार सोडत नाही, तसं. आताची जेलं अशी घट्ट असतात. माझ्यासोबत आलेली आतेबहीण मात्र एवढंच म्हणाली, "माय वं, अन् आतमंदी फुटलं मंग?"

तिचा प्रश्न माझ्यापेक्षा शहाणा होता. पाण्याचं फुटलं तर ती बाजू बसते, आरशात दिसतं, आणि पाणी शरीरात जिरून जातं. जेलचं फुटलं तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. दुखत नाही, आकार बदलत नाही. म्हणून तपासणी करत राहावी लागते. अमेरिकेत औषधं आणि अशा उपकरणांवर नजर ठेवणारी एफडीए ही सरकारी संस्था आहे, तिची शिफारस अशी की जेलचं इम्प्लांट असेल तर पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. लक्षण काही नसलं तरी. जेल हाताला जास्त खरं लागतं, त्वचेखाली सुरकुत्या कमी दिसतात, आणि माझ्यासारखीच्या अंगावर चरबीच नाही तर हा फरक दिसतोच. पण शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यावर राहणारी, घरून एकटीला बाहेर न पाठवली जाणारी सून ही तपासणी करत राहील का? ते तिने आणि तिच्या माणसांनी आधी बोलून घ्यायला हवं. मी जळगावात राहते, रिक्षाने जाऊन येते. म्हणून मला जेल परवडलं. पैशाचं नव्हे, फेऱ्यांचं बोलतेय.

आता आकार आणि पृष्ठभाग. गोल असतं आणि थेंबाच्या आकाराचं असतं, खाली भरलेलं, वर निमुळतं. फोटोत थेंबवालं जास्त नैसर्गिक दिसतं, म्हणून मुली मोबाइलवर तेच दाखवतात. गोल इम्प्लांट आत फिरलं तरी गोलच राहतं. थेंबवालं फिरलं तर आकार वाकडा दिसतो. ते फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात, म्हणजे आजूबाजूचं मांस त्याला धरून राहतं. आणि नेमका हा खरखरीतपणा एका दुर्मिळ लिम्फोमाशी जोडला गेला आहे. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा, रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे. याच कारणावरून 2019 च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीने आपली एका प्रकारची खरखरीत इम्प्लांटं जगभरातून परत मागवली. ज्यांच्या अंगात ती आधीच आहेत आणि काही त्रास नाही, त्यांनी घाबरून काढून घ्यावीत असं एफडीए सांगत नाही. मात्र काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, पाणी साठल्यासारखी झाली, तर "वजन वाढलं असेल" म्हणून बसायचं नाही. मला एकदा कॅन्सर होऊन गेला होता. दुसऱ्या कॅन्सरचा धोका, कितीही लहान असो, नुसत्या आकारासाठी का घेऊ? मी गोल, गुळगुळीत घेतलं.

यावर एका शिक्षिकेने मला विचारलं, "मग सगळ्यात सुरक्षित कोणतं?" सगळ्यात सुरक्षित म्हणाल तर न बसवलेलं. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. कधीतरी बदलावं किंवा काढावं लागण्याची शक्यता धरूनच ते घ्यायचं. 2021 पासून एफडीएने हे इम्प्लांटसोबतच्या माहितीतल्या ठळक इशाऱ्यात घालायला लावलं आहे.

आणि रेडिएशन. हा मुद्दा मी मुद्दाम उशिरा काढला, कारण इथे पुष्कळ जणींचा बेत बदलतो. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं, ते सगळ्यांच्यात होतं. काहींच्यात ते आवळत जातं, छाती दगडासारखी होते, दुखते. रेडिएशन घेतलेल्या बाजूला हे बरंच जास्त होतं. म्हणून शेक, म्हणजे हे रेडिएशन, घ्यायचा असेल तर अनेक सर्जन इम्प्लांटऐवजी पोटाचं किंवा पाठीचं मांस वापरायला सांगतात. ऑपरेशन मोठं, पण जे बसतं ते आपलंच असतं. मला शेक लागणार नाही असं आधी ठरलं होतं, म्हणून तरी माझी निवड सोपी झाली. तुमची तशी नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून हा एकच प्रश्न आधी विचारा.

मांस वापरायचं असो की इम्प्लांट, "तंबाखू?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा आपल्या बायका सर्रास "नाही" म्हणतात. सिगारेट कुठे ओढतो आपण! पण मशेरी? ती लावणाऱ्या बाईच्या अंगातही निकोटीन जातंच, रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या त्वचेने नीट भरून यायचं ती काळी पडू शकते. सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर नर्सला बाजूला घेऊन सांगा. पण सांगा.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. माझं इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली आहे. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळताना हातावर जोर दिला की ती बाजू हलते, वर सरकल्यासारखी होते. दुखत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा परात तशीच ठेवून मी आरशापुढे गेले. स्नायूच्या वर बसवलं तर हे होत नाही, पण त्यासाठी वरची त्वचा जाड आणि निरोगी हवी. ज्यांचं काम हाताचं आहे, हंडे उचलणं, शेतात निंदणं, त्यांनी हे विचारून घ्यावं. डिसेंबरात ती बाजू गारही लागते. इम्प्लांटमध्ये रक्त फिरत नाही ना. आणि स्पर्श म्हणाल तर जवळपास नाही. इम्प्लांट आकार देतं, संवेदना परत देत नाही.

काहींना एका ऑपरेशनमध्ये जमत नाही. मग आधी त्वचा ताणायला एक पिशवी बसवतात, तिच्यात थोड्या थोड्या दिवसांनी सुईने सलाईन भरतात, आणि जागा झाली की कायमचं इम्प्लांट. शहाद्याहून नाशिकला दर वेळी कोण आणणार, राहायचं कुठे, हे त्या दवाखान्याच्या कागदावर नसतं. सरकारी योजनेत काय बसतं आणि काय नाही, ते दवाखान्यात योजनेची माहिती द्यायला बसलेल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारा, नंतर नको.

स्वस्ताच्या मागे लागू नका, हेही सांगायला हवं. फ्रान्समधल्या पीआयपी नावाच्या कंपनीने औद्योगिक वापराचं सिलिकॉन इम्प्लांटांत भरलं होतं. 2010 मध्ये ते उघडकीस आलं, तोवर ती लाखो बायकांच्या अंगात गेली होती, अनेक देशांत. म्हणून सीलबंद डबा बघून घ्या, आणि त्यावरचे नंबरचे स्टिकर आपल्या फाइलला लावून मागा. कधी कंपनीने माल परत मागवला तर तुमचं त्यात आहे की नाही, हे त्या नंबरवरूनच कळतं. मी माझं इम्प्लांटचं कार्ड आधार कार्डाच्या पाकिटात ठेवते.

"या वयात कशाला?" हे मला सख्ख्या जावेने विचारलं. तिच्या आईने सत्तरीत दोन्ही गुडघे बदलले तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तरी सगळ्यांनी बसवावं असं मी म्हणत नाही. पारोळ्याच्या एक मावशी आहेत, त्यांनी इम्प्लांट न बसवता ब्राच्या खिशात ठेवायचं बाहेरचं पॅड घेतलं. सिलिकॉनचं वजनदार असतं, त्याने खांदा एका बाजूला झुकत नाही. पण आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर गेला की त्याखाली घाम साचतो, पुरळ येतं. म्हणून उन्हाळ्यात त्या सुताचं विणलेलं वापरतात आणि बाहेर जायचं असलं तरच दुसरं. घरात काहीच नाही. मी त्यांना माझं दाखवलं होतं, त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलं आहे, पण मला नको." मग आम्ही चहा घेतला आणि त्यांनी मला सुताचं कसं विणायचं ते दाखवलं. तुमच्यापैकी कुणाला हवं असेल तर त्यांच्याकडे घेऊन जाईन, त्यांची हरकत नाही.